वाचकांचे प्रश्न : द्रावणात नेमके किती ग्रॅम?

द्रावणाची संहती दिली आहे, आकारमान दिलं आहे, तर विरघळलेल्या पदार्थाचं वस्तुमान किती? या एकाच गणितावर या वेळी बरेच प्रश्न आले. सूत्र बहुतेकांना पाठ आहे. गणित अडतं ते ‘मागे’ या शब्दापाशी. संहती म्हणजे कशामागे तरी किती तरी: लिटरमागे मोल (कणांचा ठरावीक संख्येचा गठ्ठा), शंभर ग्रॅममागे ग्रॅम, किलोमागे मोल. हे ‘कशामागे’ आधी कागदावर लिहिलं, तर निम्म्याहून जास्त चुका तिथेच थांबतात. खालच्या उत्तरांत हा शब्द पुन्हापुन्हा येईल, त्याला इलाज नाही.

प्रश्न : ०.१ मोलर सोडिअम कार्बोनेटचं २५० मिली द्रावण करायचं आहे. संहती, आकारमान आणि मोलर वस्तुमान (एका मोलचं वस्तुमान) यांचा गुणाकार केला तर २६५० ग्रॅम आले. सूत्र चुकलं का?

उत्तर : सूत्र बरोबर आहे. मोलर म्हणजे एका लिटरमागे मोल, आणि तुम्ही आकारमान मिलीमध्ये घातलंत. २५० मिली म्हणजे ०.२५० लिटर. ०.१ × ०.२५० = ०.०२५ मोल. निर्जल (स्फटिकात पाणी नसलेल्या) सोडिअम कार्बोनेटचं मोलर वस्तुमान १०५.९९ ग्रॅम, म्हणून ०.०२५ × १०५.९९ = २.६५ ग्रॅम.

लिटर करायचा कंटाळा येत असेल, तर सगळंच हजारपट लहान घ्या. मिली गुणिले मोलर म्हणजे थेट मिलिमोल, आणि मिलिमोल गुणिले मोलर वस्तुमान म्हणजे मिलिग्रॅम. २५० × ०.१ = २५ मिलिमोल; २५ × १०५.९९ = २६५० मिलिग्रॅम. म्हणजे तुमचा आकडा बरोबरच होता, त्याच्यापुढे ग्रॅम लिहिलं ते चुकलं. उत्तर आल्यावर एकदा डोळ्यांसमोर आणून बघायची सवय लावा: अडीच किलोहून जास्त पावडर पाव लिटरच्या फ्लास्कमध्ये जाणारच नाही.

आता प्रत्यक्ष करताना. २.६५ ग्रॅम पावडर २५० मिली पाण्यात टाकायची नाही. द्रावण २५० मिली व्हायला हवं. पावडर चंचुपात्रात १०० मिलीच्या आसपास पाण्यात पूर्ण विरघळवा, नरसाळ्यातून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता, चंचुपात्र, कांडी आणि नरसाळं तीन वेळा थोड्याथोड्या पाण्याने खंगाळून तेही आत घाला, मग खुणेपर्यंत भरा. शेवटचे थेंब ड्रॉपरने. पाण्याच्या पृष्ठभागाचा खालचा बाक खुणेला टेकला पाहिजे आणि डोळे खुणेच्या पातळीत हवेत. मग बूच लावून फ्लास्क दहा-पंधरा वेळा उलटासुलटा करा. हे राहिलं तर वरचं द्रावण पातळ आणि खालचं दाट राहतं, आणि पिपेटने कुठून घेतलं त्यावर उत्तर बदलतं.

तराजूवर बरोबर २.६५० आणण्यासाठी चिमूटचिमूट करत बसू नका. तेवढ्या वेळात पावडर हवेतली ओल घेते. २.६७१ आले, तर २.६७१ लिहा आणि संहती त्यावरून काढा: २.६७१ ÷ १०५.९९ ÷ ०.२५० = ०.१००८ मोलर. बरोबर ०.१ असण्यापेक्षा नेमकी किती आहे हे माहीत असणं महत्त्वाचं.

प्रश्न : मोरचुदाचं ०.२ मोलर द्रावण ५०० मिली केलं. कॉपर सल्फेटचं मोलर वस्तुमान १५९.६१ धरून १५.९६ ग्रॅम निळे खडे घेतले. संहती फारच कमी भरली. खडे भेसळीचे असतील का?

उत्तर : खड्यांवर संशय घेण्याआधी त्यांच्यातलं पाणी मोजा. निळ्या खड्यात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू बसलेले असतात. त्यामुळे खड्याचं मोलर वस्तुमान २४९.६९ ग्रॅम होतं, आणि त्यातलं ३६ टक्के निव्वळ स्फटिकजल असतं. १५९.६१ हा आकडा निर्जल, पांढरट पावडरीचा.

तुम्हाला ०.१ मोल हवं होतं. १५.९६ ग्रॅम खड्यांत १५.९६ ÷ २४९.६९ = ०.०६३९ मोलच येतात, म्हणजे द्रावण ०.१२८ मोलर झालं. संहती एवढीच भरली असेल, तर खडे चांगले आहेत. हवे होते २४.९७ ग्रॅम.

इथे आणखी एक गल्लत होते. त्या बरोबर केलेल्या द्रावणात किती कॉपर सल्फेट विरघळलं आहे, असा प्रश्न आला तर उत्तर १५.९६ ग्रॅम. तराजूवर मात्र २४.९७ ठेवले होते. उरलेलं ९.०१ ग्रॅम पाणी द्रावकात (ज्यात पदार्थ विरघळतो त्या पाण्यात) मिसळून गेलं. मोलर द्रावणात त्याचा वेगळा हिशोब लागत नाही, कारण फ्लास्क शेवटी खुणेपर्यंतच भरायचा असतो. पण वस्तुमान टक्केवारीचं द्रावण करताना तो लागतो. १० टक्क्यांचं १०० ग्रॅम द्रावण खड्यांपासून करायचं, तर खडे १५.६४ ग्रॅम आणि पाणी ८४.३६ ग्रॅम. इथे ९० ग्रॅम पाणी घातलंत की द्रावण पातळ झालं.

धुण्याच्या सोड्याचं, म्हणजे स्फटिकरूप सोडिअम कार्बोनेटचं, प्रकरण याहून नाजूक. त्याच्या ताज्या स्फटिकात पाण्याचे दहा रेणू असतात, मोलर वस्तुमान २८६.१४, त्यात ६३ टक्के पाणी. वरच्या प्रश्नातल्या ०.०२५ मोलसाठी हे स्फटिक ७.१५ ग्रॅम लागतील. पण कोरड्या हवेत ते पाणी सोडतात. काचेसारख्या पारदर्शक खड्यावर पांढरी पूड दिसायला लागली, की तो ना धड दहा पाण्यांचा, ना निर्जल. त्याचं मोलर वस्तुमान कुठल्याच तक्त्यात मिळणार नाही. अचूक काम असेल तर निर्जल पावडर २७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात) थंड करून तीच वापरा. आणि कुठलीही बाटली हातात घेतली की मोलर वस्तुमान पुस्तकातून नव्हे, तिच्या लेबलवरून घ्या.

प्रश्न : २० टक्के मिठाच्या २५० मिली द्रावणात मीठ किती? माझं उत्तर ५० ग्रॅम, उत्तरपत्रिकेत ५७.४ ग्रॅम.

उत्तर : टक्के म्हणजे शंभरामागे. शंभर काय, हे प्रश्नात लिहिलेलं असायला हवं. तुम्ही शंभर मिली धरले, उत्तरपत्रिकेने शंभर ग्रॅम.

शंभर ग्रॅम द्रावणामागे २० ग्रॅम असेल, तर आधी २५० मिलीचं वजन काढावं लागतं आणि त्यासाठी घनता हवी. २० टक्के मीठ असलेल्या द्रावणाची घनता २० अंश सेल्सिअसला मिलीमागे १.१४८ ग्रॅम आहे. २५० × १.१४८ = २८७ ग्रॅम द्रावण; त्याचे २० टक्के ५७.४ ग्रॅम. दोन उत्तरांत जवळजवळ १५ टक्क्यांचा फरक, आणि दोन्ही आपापल्या अर्थाने बरोबर. घनता दिली असेल तर ती वापरण्यासाठीच दिली आहे असं समजा.

औषधी द्रावणांवर बहुधा वस्तुमान-आकारमान टक्के असतात. सलाइनचे ०.९ टक्के म्हणजे १०० मिलीमागे ०.९ ग्रॅम, म्हणून ५०० मिलीच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ. तिथे घनता लागत नाही. तिसरी चूक सगळ्यांत जास्त दिसते: १० ग्रॅम मीठ १०० ग्रॅम पाण्यात टाकून त्याला १० टक्के म्हणणं. द्रावण ११० ग्रॅम झालं, म्हणून ते ९.०९ टक्के आहे. शंभर द्रावणाचे मोजायचे, पाण्याचे नाही.

प्रश्न : ०.५ मोलल ग्लुकोज द्रावण ५०० ग्रॅम आहे. त्यात ग्लुकोज ४५ ग्रॅम बरोबर का?

उत्तर : थोडं कमी. मोलल म्हणजे एक किलो द्रावकामागे मोल, आणि तुमचे ५०० ग्रॅम द्रावणाचे आहेत. ग्लुकोजचं मोलर वस्तुमान १८०.१६, म्हणून १००० ग्रॅम पाण्यामागे ९०.०८ ग्रॅम ग्लुकोज. द्रावण झालं १०९०.०८ ग्रॅम. ५०० ग्रॅममध्ये ५०० × ९०.०८ ÷ १०९०.०८ = ४१.३ ग्रॅम.

प्रश्न : संहत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर ३७ टक्के आणि घनता १.१९ लिहिलं आहे. १ मोलर ५०० मिली करायला किती मिली घ्यावं? आणि केल्यावर ते थोडं कमीच का भरतं?

उत्तर : बाटलीवरचे ३७ टक्के वस्तुमानाचे असतात: १०० ग्रॅम आम्लद्रावणामागे ३७ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड. उलट दिशेने या. हवे ०.५ मोल. हायड्रोजन क्लोराइडचं मोलर वस्तुमान ३६.४६, म्हणजे १८.२३ ग्रॅम. ते मिळायला बाटलीतलं द्रावण १८.२३ ÷ ०.३७ = ४९.३ ग्रॅम लागेल. घनतेने भागलं की ४९.३ ÷ १.१९ = ४१.४ मिली. इथे भागाकाराऐवजी गुणाकार करून ५८.६ मिली घेणारे बरेच असतात. द्रव पाण्यापेक्षा जड असेल तर त्याचे मिली ग्रॅमपेक्षा कमीच यायला हवेत, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

कमी भरण्याचं कारण बाटलीच्या तोंडाशी दिसतं. झाकण उघडलं की धूर येतो. तो धूर म्हणजे बाहेर पडणारा वायू हवेतली वाफ पकडतो त्याचे बारीक थेंब. प्रत्येक वेळी थोडा पदार्थ निघून जातो आणि लेबलवरचे ३७ मागे पडतात. समजा आत ३५ टक्केच उरले आहेत आणि घनता सुमारे १.१७ झाली आहे. मग मूळ आम्ल १२ ऐवजी ११.२ मोलरच्या जवळ येतं, आणि तुमचं ४१.४ मिलीपासून केलेलं द्रावण १ ऐवजी ०.९३ मोलर होतं. म्हणून या आम्लाचं पातळ द्रावण आधी अंदाजे करायचं आणि मग निर्जल सोडिअम कार्बोनेटशी अनुमापन करून (अभिक्रिया पूर्ण व्हायला किती द्रावण लागतं ते मोजून) त्याची खरी संहती काढायची. नुसत्या लेबलवरच्या हिशोबाने अचूक द्रावण होत नाही.

हे काम धूर ओढणाऱ्या कपाटात, चष्मा आणि हातमोजे घालून करा. फ्लास्कमध्ये आधी निम्म्याहून जास्त पाणी, मग त्यात आम्ल. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत तर हा क्रम कधीच उलटा करू नका. उष्णता एवढी निघते की वर पडलेलं पाणी उकळून आम्लासकट उडतं. कोणतंही द्रावण गरम झालं असेल, तर ते खोलीच्या तापमानाला आल्यावरच खुणेपर्यंत भरा.

प्रश्न : १.०० ग्रॅम सोडिअम हायड्रॉक्साइड २५० मिलीमध्ये केलं. त्यातलं २५ मिली घेऊन ०.०५ मोलर सल्फ्युरिक आम्लाशी फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक) वापरून अनुमापन केलं. २२.४ मिली आम्ल लागलं. हिशोबाने हायड्रॉक्साइड ०.४५ ग्रॅमच येतं. अर्धं कुठे गेलं?

उत्तर : आधी हिशोबातली चूक दुरुस्त करू, मग उरलेल्या तुटीकडे वळू. त्या तुटीत शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

२२.४ × ०.०५ = १.१२ मिलिमोल आम्ल. सल्फ्युरिक आम्लाचा एक मोल हायड्रॉक्साइडच्या दोन मोलांना पुरतो. तुम्ही एकास एक धरलंत. म्हणून २५ मिलीत २.२४ मिलिमोल, आणि २५० मिलीत २२.४ मिलिमोल. मोलर वस्तुमान ४०.०० धरून ८९६ मिलिग्रॅम, म्हणजे ०.८९६ ग्रॅम. पिपेटमधल्या २५ मिलीवरून पूर्ण फ्लास्कवर येताना दहाने गुणायचं तुम्ही विसरला नाहीत, ती चूकही इथे नेहमीची. ब्युरेटच्या (आम्ल सोडायच्या खुणांच्या नळीच्या) सुरुवातीच्या आणि शेवटच्या वाचनात मिळून ०.१ मिलीपर्यंत फरक पडू शकतो, म्हणून तिसरा दशांश फार मनावर घेऊ नका.

तरीही दहा टक्के कमी आहे. तराजूवर ठेवलेल्या गोळ्या जवळून पाहा. मिनिटभरात त्यांच्यावर चकाकी येते, मग त्या वॉच ग्लासला चिकटायला लागतात. त्या हवेतलं पाणी ओढताहेत, आणि त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही. १.०० ग्रॅममध्ये हायड्रॉक्साइड, पाणी आणि सोडिअम कार्बोनेट असे तीन पदार्थ आले. शिवाय नव्या बाटलीतल्या गोळ्याही साधारण ९७-९८ टक्केच शुद्ध असतात.

म्हणजे ०.८९६ हा आकडाही पूर्णपणे हायड्रॉक्साइडचा नाही. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग जातो तेव्हा हायड्रॉक्साइड संपलेलं असतं, आणि कार्बोनेट बायकार्बोनेटपर्यंत, म्हणजे अर्ध्या वाटेवर आलेलं असतं. रंग गेल्यावर त्याच शंकुपात्रात मिथिल ऑरेंज या दुसऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाका आणि पुढे आम्ल सोडत राहा. पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत जे लागेल ते उरलेल्या अर्ध्या वाटेचं.

उदाहरणादाखल हा दुसरा टप्पा ०.६ मिली धरू. मग पहिल्या टप्प्यातलेही ०.६ मिली कार्बोनेटकडेच गेले होते, आणि हायड्रॉक्साइडला खरे लागले २२.४ − ०.६ = २१.८ मिली. त्यावरून २५० मिलीत २१.८ मिलिमोल, म्हणजे ०.८७२ ग्रॅम हायड्रॉक्साइड. कार्बोनेटसाठी ०.६ × ०.०५ × २ = ०.०६ मिलिमोल, दहापट ०.६ मिलिमोल, गुणिले १०५.९९ म्हणजे ०.०६४ ग्रॅम. दोन्ही मिळून ०.९३६. उरलेले ०.०६४ ग्रॅम बहुतांशी पाणी. एका ब्युरेटने तिन्हींचा हिशोब लागतो.

पहिल्या टप्प्यात आम्ल हळू सोडा आणि शंकुपात्र सतत फिरवत राहा. एका जागी जास्त आम्ल पडलं तर तिथलं कार्बोनेट थेट वायू होऊन निघून जातं आणि दोन्ही आकडे बिघडतात.

पुढच्या वेळी गोळ्या तोलून अचूक द्रावण करण्याचा नाद सोडा. सोडिअम हायड्रॉक्साइडचं ५० टक्के, अगदी दाट द्रावण करून प्लास्टिकच्या बंद बाटलीत काही दिवस राहू द्या. एवढ्या दाट द्रावणात कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण उकळून गार केलेल्या पाण्यात पातळ करा. मग वाळवलेलं पोटॅशिअम हायड्रोजन थॅलेट तोलून त्याची संहती ठरवा. त्याचं मोलर वस्तुमान २०४.२२ आहे, ते ओल धरत नाही आणि हायड्रॉक्साइडशी त्याचं प्रमाण एकास एक. ०.५१०६ ग्रॅम घेतलं की ०.१ मोलर द्रावण बरोबर २५ मिली लागायला हवं. २५.६ लागलं, तर तुमचं द्रावण ०.१ × २५ ÷ २५.६ = ०.०९७७ मोलर आहे, आणि तोच आकडा तारखेसह बाटलीवर लिहा.

प्रश्न : ५ मिली नमुना १०० मिलीपर्यंत पातळ केला, मोजणी ३.६ मिलिग्रॅम प्रति लिटर आली. मूळ २ लिटरमध्ये किती?

उत्तर : २० पट पातळ केलंत, म्हणून मूळ संहती ७२ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि २ लिटरमध्ये १४४ मिलिग्रॅम. नोंदवहीत ‘एकास दहा’ असं लिहू नका. कोणी त्याचा अर्थ एकूण दहा घेतं, कोणी एकात दहा मिसळून अकरा. ‘५ मिलीचे १०० मिली’ असं लिहिलं की वाद उरत नाही.

प्रश्न : १००० पीपीएम फ्लोराइडचं प्रमाण द्रावण (संहती नेमकी माहीत असलेलं द्रावण) करायला लिटरमागे १ ग्रॅम सोडिअम फ्लोराइड घेतलं. उपकरण अर्ध्याहूनही कमी दाखवतं.

उत्तर : उपकरण बरोबर आहे. पाण्याच्या पातळ द्रावणात पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम असं धरतात; पण कशाचे मिलिग्रॅम, तेही पाहावं लागतं. तुम्हाला हवे आहेत फ्लोराइड आयनाचे १००० मिलिग्रॅम, आणि तुम्ही तोललंत सोडिअमसकट पूर्ण क्षार. फ्लोराइडचं मोलर वस्तुमान १९.००, सोडिअम फ्लोराइडचं ४१.९९. १ × ४१.९९ ÷ १९.०० = २.२१ ग्रॅम वाळवलेलं सोडिअम फ्लोराइड लिटरमागे हवं. तुमच्या १ ग्रॅममध्ये फ्लोराइड ४५२ मिलिग्रॅमच आहे, आणि उपकरणाने तेच दाखवलं. हे द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, काचेच्या नको.

पाणी तपासणीच्या अहवालात हीच अडचण नायट्रेटबाबत येते. एक प्रयोगशाळा नायट्रेट म्हणून ५० मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिते, दुसरी त्याच पाण्याला नायट्रेट-नायट्रोजन म्हणून ११.३. नायट्रेटमध्ये नायट्रोजन वस्तुमानाने २२.६ टक्के असतो, म्हणून दोन्ही आकडे एकाच पाण्याचे. अहवालात आकड्यासमोर ‘नायट्रेट’ आहे की ‘नायट्रेट-नायट्रोजन’, ते आधी वाचा आणि मगच लिटरने गुणा.